चालता गेम अपडेटने मोडू नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेमच्या बातम्या आणि परीक्षणे आता वर्तमानपत्रांतही नियमित येऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांत गेमची कथा, चित्रांकन, संगीत, खेळण्यातली रंगत यांविषयी बारकाईने लिहिलेले असते. मात्र विकत घेतलेला गेम वर्ष-दोन वर्षांनी कसा चालतो, त्याला आलेल्या अपडेटने काय सुधारले आणि काय बिघडले, आणि बिघडले असेल तर कंपनीने त्याची दखल घेतली का, याबद्दल फारसे कुठे वाचायला मिळत नाही. मी गेली बारा वर्षे केवळ लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीवर गेम खेळत आलो आहे. माझ्या संगणकावर विंडोज नाही. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते मांडण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. लिनक्सवर गेम मिळत नाहीत, ही आमची जुनी तक्रार आता मागे पडली आहे. आज आमची खरी अडचण आहे ती चालत असलेला गेम एखाद्या अपडेटने बंद पडण्याची, आणि तसे झाल्यावर त्याची जबाबदारी कोणीच न घेण्याची.

इथवर पोहोचायला किती काळ लागला, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. म्हणजे तब्बल पंधरा वर्षे लोक तो अपुऱ्या अवस्थेतच वापरत होते आणि सुधारतही होते. गाजलेले गेम लिनक्सवर आणण्यासाठी १९९८ मध्ये निघालेली लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी २००२ च्या सुरुवातीला बंद पडली, पण तिथले प्रोग्रामर सॅम लँटिंगा यांनी लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी (प्रोग्रामांना तयार वापरता येणाऱ्या कोडचा संच) आजही असंख्य गेममध्ये वापरली जाते. फेब्रुवारी २०१३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम हे आपले गेमचे ऑनलाइन दुकान लिनक्सवर आणले, तेव्हा आता प्रत्येक मोठ्या गेमची लिनक्स आवृत्ती निघेल असे आम्हांला मनापासून वाटले होते. काही वर्षे तशा निघाल्याही. फेरल इंटरॲक्टिव्ह आणि ॲस्पायर यांसारख्या कंपन्यांनी पोर्ट केलेले, म्हणजे लिनक्ससाठी रूपांतरित केलेले गेम मी शेकडो तास खेळलो आहे आणि त्या कामाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

चित्र खऱ्या अर्थाने बदलले ते ऑगस्ट २०१८ मध्ये, व्हॉल्व्हने विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन आणल्यावर. विंडोजवरचा गेम ग्राफिक्स कार्डाशी बहुधा डायरेक्ट थ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत बोलतो आणि ती भाषा लिनक्सला येत नाही. फिलिप रेबोले यांनी सुरू केलेला डीएक्सव्हीके हा प्रकल्प ते बोलणे गेम चालू असतानाच व्हल्कन या खुल्या भाषेत उतरवतो, डायरेक्ट थ्रीडीच्या बाराव्या आवृत्तीसाठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन हेच काम करतो, आणि फाइली, खिडक्या, आवाज, कीबोर्ड ही सगळी बाजू वाइन सांभाळतो. या साऱ्यांची मोट बांधून प्रोटॉन तयार झाला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र आले. ते आर्च लिनक्सवर आधारलेल्या स्टीमओएसवर चालते, त्यामुळे ज्या डेव्हलपरांनी लिनक्सचा कधी विचारही केला नव्हता त्यांचे गेमही लिनक्सवर तपासले जाऊ लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्याच महिन्याच्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला. ३ टक्के हा आकडा छोटा आहे, हे मला मान्य आहे. पण २०२१ सालासाठी स्टीमने महिन्याला १३ कोटींहून अधिक सक्रिय खेळाडू असल्याचे सांगितले होते. त्या हिशेबाने ३ टक्के म्हणजे लाखो माणसे होतात, आणि या माणसांनी गेमचे पूर्ण पैसे मोजलेले असतात.

याच यशातून एक पेच निर्माण झाला आहे. दुकानाच्या पानावर गेमसमोर फक्त विंडोजचे चिन्ह असते, पण तो प्रोटॉनमधून उत्तम चालतो म्हणून आम्ही विकत घेतो. नंतर एखादे अपडेट येते आणि गेम सुरूच होत नाही. डेव्हलपरकडे जावे तर तो म्हणतो की आम्ही लिनक्ससाठी गेम विकलाच नव्हता, आणि शब्दशः पाहता ते खरेही असते. मग दुरुस्ती कोण करते? ज्यांनी तो गेम बनवलेला नाही, ज्यांना त्याचा कोड पाहायला मिळत नाही, अशी प्रोटॉन, वाइन आणि मेसा (लिनक्सचे खुले ग्राफिक्स ड्रायव्हर) यांवर काम करणारी माणसे बाहेरून अंदाज घेत ती करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये एल्डन रिंग प्रसिद्ध झाला तेव्हा तो विंडोजवर मध्येच अडखळत होता, आणि प्रोटॉनच्या बाजूने काही दिवसांतच अशी दुरुस्ती आली की स्टीम डेकवर ते अडखळणे बरेच कमी झाले. ही कामगिरी मोठी आहे, यात शंका नाही. परंतु पुढचे अपडेट पुन्हा काय मोडेल याची या लोकांना आगाऊ कल्पना कोणी देत नाही, आणि त्यांनी हे ओझे कायमचे वाहावे अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही.

अधिकृत लिनक्स आवृत्ती असली म्हणजे हा प्रश्न सुटतो, असे कोणाला वाटेल. माझा अनुभव वेगळा आहे आणि तो मी थोडा विस्ताराने सांगणार आहे. एक गेम मी त्याच्या दुकानाच्या पानावर लिनक्सचे चिन्ह पाहून घेतला आणि तीन वर्षे विनातक्रार खेळलो. एका संध्याकाळी त्याला मोठे अपडेट आले. त्यानंतर नवा नकाशा उघडायला गेले की लोडिंगची पट्टी पाऊण भरायची आणि गेम कोणताही संदेश न देता बंद व्हायचा. मी टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून गेम तिथून चालवला आणि बंद पडण्याआधीच्या ओळी वाचल्या. शेवटच्या ओळीत एका फाइलचे नाव होते आणि ती सापडत नाही असे लिहिले होते. फोल्डरमध्ये पाहिले तर फाइल तिथेच होती. फरक एवढाच होता की गेमच्या कोडमध्ये तिचे नाव मोठ्या 'एम'ने सुरू होत होते आणि डिस्कवर लहान 'एम'ने. फाइलच्या नावातले रोमन अक्षर मोठे आहे की लहान, याकडे विंडोज लक्ष देत नाही; लिनक्स देते. डेव्हलपरच्या विंडोज संगणकावर ही चूक कधी दिसलीच नसणार.

मी त्या फाइलला मोठ्या 'एम'च्या नावाची एक लिंक करून दिली. लोडिंगची पट्टी थोडी पुढे सरकली आणि दुसऱ्या फाइलवर अडली. असे करत करत अकरा फाइली निघाल्या. अकराव्या लिंकनंतर नकाशा उघडला आणि गेम पूर्वीसारखा चालू लागला. त्याच रात्री मी कंपनीच्या सपोर्ट विभागाला सविस्तर पत्र पाठवले. त्यात लॉग (गेमने चालताना लिहिलेल्या नोंदी) जोडला, माझ्या कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) व ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती लिहिली, अकरा फाइलींची यादी दिली, आणि या फाइलींची नावे बदलली की काम होईल, कोडला हात लावायचीही गरज नाही, असे स्पष्ट लिहिले. चार दिवसांनी आलेल्या उत्तरात गेम काढून पुन्हा टाका, ड्रायव्हर अपडेट करा आणि अँटीव्हायरस बंद करून पाहा, असे सुचवले होते. माझे पत्र कोणी वाचले नव्हते हे उघड होते. मी पुन्हा लिहिले. तेव्हा लिनक्स आवृत्तीला आता अधिकृत सपोर्ट नाही, असे एका वाक्याचे उत्तर आले. त्या दिवशीही दुकानाच्या पानावर लिनक्सचे चिन्ह तसेच होते आणि त्या चिन्हाच्या भरवशावर नवे लोक तो गेम घेत होते.

पुढच्या छोट्या अपडेटनंतर स्टीमने फाइलींची फेरतपासणी केली आणि माझ्या अकराही लिंका पुसल्या गेल्या. अखेर मी त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून चालवायला घेतली. वाइन मोठ्या-लहान अक्षरांचा हा भेद स्वतःच मिटवत असल्यामुळे ती पहिल्याच प्रयत्नात चालली. फक्त दोन्ही आवृत्त्यांचे सेव्ह वेगवेगळ्या फोल्डरांत असल्याने तीन वर्षांचा खेळ मला हाताने उचलून तिकडे न्यावा लागला. पैसे परत मागण्याचा मार्ग नव्हता, कारण स्टीमचा सर्वसाधारण नियम खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचे २ तास इथपर्यंतच लागू होतो. मला पैशांचे फारसे वाटले नाही. अकरा नावे बदलण्याचे काम कोणी हाती घेतले नाही, याचे वाईट वाटले आणि ते अजूनही वाटते.

सपोर्ट थांबवण्याचा निर्णय घेणे हा कंपनीचा हक्क आहे. प्रश्न तो कसा घेतला जातो हा आहे. मार्च २०२० मध्ये रॉकेट लीगची लिनक्स आणि मॅक आवृत्ती ऑनलाइन खेळण्यापुरती बंद झाली तेव्हा मला तो निर्णय आवडला नव्हता. तरीही त्या कंपनीने सुमारे दीड महिना आधी जाहीर केले, तांत्रिक कारण सांगितले, ऑनलाइनखेरीज काय चालू राहील हे लिहिले आणि पैसे परत देण्याची सोय केली. नापसंत निर्णयही माणसाशी नीट बोलून घेता येतो, याचे हे उदाहरण मी नेहमी देतो.

माझ्या काही लिनक्सप्रेमी मित्रांना पुढचे म्हणणे पटणार नाही, पण ते मी पूर्ण विचारांती करत आहे. दुर्लक्षित लिनक्स आवृत्तीपेक्षा निगराणी ठेवलेली विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून चालवणे आज बहुतेक वेळा बरे पडते. पोर्ट करणारी कंपनी वेगळी असली की मुख्य गेमला अपडेट आज येते आणि लिनक्सला ते कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मिळते, आणि तोवर आवृत्ती जुळत नाही म्हणून मित्रांबरोबर खेळता येत नाही. त्यामुळे प्रत्येक डेव्हलपरने वेगळा पोर्ट काढावा, असा माझा आग्रह नाही. काढायचा असेल तर तो सांभाळण्याची तयारी हवी. फॅक्टोरिओ या कारखाने उभारण्याच्या गेमच्या डेव्हलपरांनी ती दाखवली आहे. लिनक्समध्ये चालू प्रोग्रामची हुबेहूब प्रत क्षणात काढता येते, या सोयीचा उपयोग करून त्यांनी अशी व्यवस्था केली की गेमची प्रत मागे बसून सेव्ह करते आणि खेळणारा न थांबता खेळत राहतो. ज्यांनी अवाढव्य कारखाना उभारला आहे आणि दर काही मिनिटांनी सेव्हसाठी पडदा गोठलेला अनुभवला आहे, त्यांना ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको. लॅरियन स्टुडिओजने सप्टेंबर २०२५ मध्ये बाल्डर्स गेट ३ ची स्टीम डेकसाठी लिनक्स आवृत्ती दिली आणि त्याच वेळी आपला सपोर्ट केवळ स्टीम डेकपुरता आहे, इतर लिनक्स संगणकांसाठी नाही, हेही स्पष्ट केले. माझ्या टेबलावरच्या संगणकाला त्यातून कोणतीही हमी मिळत नाही, तरी मला ते मान्य आहे, कारण काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे मला आधी कळले.

दोष सगळा डेव्हलपरांच्या पदरात टाकणेही न्यायाचे होणार नाही. लिनक्सच्या बाजूनेही गेम मोडले जातात. कर्नलमधल्या बदलाने वापरणाऱ्याचा चालता प्रोग्राम मोडता कामा नये, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक दंडक आहे, आणि कर्नलपुरता तो बऱ्यापैकी पाळला जातो. कर्नलच्या वरच्या थरांत ही शिस्त तितकी राहत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जीलिबसी या मूलभूत लायब्ररीची २.३६ आवृत्ती आली, तिच्यातून डीटी-हॅश नावाची एक जुनी नोंद वगळली गेली, आणि त्या नोंदीवर अवलंबून असलेले ईझी अँटी-चीट हे ऑनलाइन गेममधली फसवणूक रोखणारे सॉफ्टवेअर बंद पडल्यामुळे कित्येक गेम एका रात्रीत उघडेनासे झाले. त्याआधी २०१९ मध्ये उबंटू या लिनक्सच्या लोकप्रिय डिस्ट्रोने (वापरायला तयार अशा संचाने) जुन्या पद्धतीच्या ३२ बिट लायब्ररी वगळण्याचे जाहीर केले होते. जुने गेम मोठ्या संख्येने ३२ बिट आहेत आणि ते या लायब्ररींवाचून चालूच शकत नाहीत. व्हॉल्व्हने आणि वाइनच्या मंडळींनी हरकत घेतल्यावर काही दिवसांतच उबंटूला तो निर्णय मागे घ्यावा लागला. छोट्या स्टुडिओतल्या डेव्हलपरने 'नेमक्या कोणत्या लिनक्सवर तपासू' असे विचारले, तर तो प्रश्न योग्यच आहे. त्याला आज निदान एक सरळ उत्तर देता येते: स्टीमने पुरवलेल्या ठरावीक लायब्ररींच्या संचावर, म्हणजे स्टीम लिनक्स रनटाइमवर, किंवा नुसत्या प्रोटॉनवर तपासा. शंभर डिस्ट्रो तपासा असे आमच्यापैकी कोणी समंजस माणूस म्हणणार नाही.

अँटी-चीटचा विषय मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्यात मला दोन्ही बाजू दिसतात. ऑनलाइन गेममध्ये फसवणूक करणारे इतरांचा खेळ पार नासवतात. त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. विंडोजवर हे काम करणारे प्रोग्राम बहुधा थेट कर्नलमध्ये जाऊन बसतात. लिनक्सवर प्रोटॉनमधून चालताना त्यांना तितक्या खोलवर जाता येत नाही, शिवाय इथे कोणालाही स्वतःचा कर्नल बांधता येतो, त्यामुळे लिनक्सवर पकड सैल राहते हे डेव्हलपरांचे म्हणणे निराधार नाही. असे असूनही सप्टेंबर २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही प्रमुख प्रणालींनी प्रोटॉनला सपोर्ट दिला. डेव्हलपरने तो आपल्या गेमपुरता चालू करायचा, एवढेच बाकी ठेवले. अनेकांनी चालू केला आणि ते गेम आम्ही खेळू लागलो.

पण चालू केलेले बंदही करता येते. एपेक्स लेजंड्स स्टीम डेकवर आणि लिनक्सवर अधिकृतपणे चालत होता. लिनक्सचा मार्ग फसवणुकीसाठी वापरला जातो असे कारण देऊन ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी तो बंद करण्यात आला. गेम फुकट असला तरी त्यातल्या वस्तूंवर लोकांनी पैसे खर्च केलेले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय जोडले गेले, प्रोटॉनसाठीचा पर्याय चालू केला गेला नाही, आणि संगणकावर २०१५ पासून उपलब्ध असलेल्या गेमचा ऑनलाइन भाग लिनक्सवाल्यांना नऊ वर्षांनी एकाएकी बंद झाला. इथे माझा आक्षेप स्पष्ट आहे. नवा गेम विकताना 'हा लिनक्सवर चालणार नाही' असे लिहा, आम्ही घेणार नाही आणि तक्रारही करणार नाही. मात्र जे आधीपासून खेळत आहेत त्यांना बाहेर काढताना पैसे परत देण्याची सोय हवी, आणि निदान ओळखीच्या मित्रांपुरत्या खासगी खेळात तरी त्यांना राहू द्यायला हवे, कारण चार मित्र आपापसांत खेळताना फसवणुकीचे भय कोणाला असते? कर्नलमध्ये जितके कमी प्रोग्राम बसतील तितके विंडोजवाल्यांच्याही हिताचे आहे, असेही मला वाटते. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले होते. तो गेम नव्हता. पण कर्नलमध्ये बसलेल्या एका प्रोग्रामची चूक किती दूरवर जाते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले.

खरेदीनंतर लादल्या जाणाऱ्या लाँचरचाही उल्लेख केला पाहिजे. एकट्याने खेळायच्या जुन्या गेमला एक दिवस अपडेट येते आणि त्यानंतर गेमच्या आधी कंपनीचा स्वतंत्र लाँचर उघडतो, खाते मागतो, स्वतःचे अपडेट करू पाहतो. प्रोटॉनमध्ये गेम निर्वेध चालतो आणि त्याच्या दारातला लाँचर कोसळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. डेनुवो हे बेकायदा नकला रोखणारे संरक्षण असलेल्या गेममध्ये तर दुरुस्तीसाठी प्रोटॉनच्या निरनिराळ्या आवृत्त्या लावून पाहिल्या की प्रत्येक आवृत्ती म्हणजे नवा संगणक असे समजले जाते आणि चोवीस तासांसाठी विकत घेतलेलाच गेम आपल्याला बंद होतो.

लिनक्सवाले संख्येने थोडे आणि तक्रारी करण्यात पुढे, असे म्हटले जाते. हे म्हणणे एका डेव्हलपरने स्वतःच्या आकड्यांनिशी तपासले आहे. डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न या अंतराळातील खाणकामाच्या गेमच्या डेव्हलपरने २०२१ मध्ये आपला हिशेब जाहीर केला. तोवर गेमच्या १२,००० हून थोड्या अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या सुमारे ७०० लिनक्सवाल्यांनी घेतल्या होत्या. एकूण १,०४० बग रिपोर्ट आले होते आणि त्यांतले साधारण ४०० लिनक्सवाल्यांचे होते. म्हणजे ६ टक्क्यांहून कमी ग्राहकांकडून ३८ टक्के रिपोर्ट आले. एवढ्यावर थांबले तर आक्षेप खरा वाटतो. पण या ४०० पैकी केवळ लिनक्सशी संबंधित असे रिपोर्ट फक्त ३ होते. बाकीचे बग सर्वांच्याच संगणकांवर होते, इतरांनी ते कळवले नव्हते इतकेच. शिवाय लिनक्सवाल्यांच्या रिपोर्टमध्ये लॉग, आवृत्ती, बग पुन्हा घडवून आणण्याची नेमकी रीत असे सगळे असे, असेही त्या डेव्हलपरने आवर्जून सांगितले. मला यात नवल वाटले नाही. लिनक्सवर वावरणाऱ्याला खुल्या प्रकल्पांत रिपोर्ट लिहिण्याची सवय असते आणि नीट लिहिलेल्या रिपोर्टची दखल घेतली जाते, हेही त्याने पाहिलेले असते. माझ्या अकरा फाइलींच्या यादीमागेही हीच सवय होती.

डेव्हलपरांकडे माझे मागणे मोजके आहे. अपडेट देण्यापूर्वी ते एकदा स्टीम डेकवर किंवा प्रोटॉन असलेल्या कोणत्याही संगणकावर अर्धा तास चालवून पाहावे. डेक नसेल तर अपडेट आधी स्टीमच्या बीटा (चाचणीच्या) शाखेत ठेवावे, आमच्यापैकी कितीतरी जण ते आनंदाने तपासून देतील. अपडेटआधीची आवृत्ती त्याच बीटाच्या यादीत वेगळ्या शाखेत उपलब्ध ठेवावी. ही सोय स्टीममध्ये आहेच आणि तिच्यासाठी वेगळा खर्च नाही. एकट्याने खेळायच्या गेममध्ये एवढे केले तरी अपडेटने मोडलेला गेम मी त्याच रात्री जुन्या आवृत्तीवर नेऊन पुढे खेळू शकेन आणि डेव्हलपरलाही दुरुस्तीला उसंत मिळेल. सपोर्ट थांबवायचा असेल तर दुकानाच्या पानावरचे चिन्ह त्याच दिवशी काढावे. आणि सपोर्ट विभागात येणाऱ्या पत्रांतला जोडलेला लॉग कोणीतरी उघडून वाचावा.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक विनंती आहे. गेमच्या परीक्षणाखाली तो कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रणालीवर आणि गेमच्या कोणत्या आवृत्तीवर खेळून पाहिला, याची एक ओळ छापावी. शक्य असेल तिथे तो प्रोटॉनवर चालतो का, अँटी-चीट आहे का आणि असल्यास लिनक्ससाठी चालू आहे का, हेही नोंदवावे. एखाद्या गाजलेल्या गेमचे वर्षभराने पुन्हा परीक्षण करून, मधल्या अपडेटनी त्याचे काय केले हे लिहिले, तर तो मजकूर मी सर्वांत आधी वाचेन.

आपला नम्र,
लिनक्सवर खेळणारा एक वाचक